चीजचं दुकान काढण्याआधी तार आणि सुरी हातात घ्या

प्रश्न: मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय आणि काही वर्षं एका कॅफेच्या किचनमध्ये काम करते आहे. छोट्या उत्पादकांनी हातानं बनवलेलं चीज विकायचं दुकान पुण्यात काढायचं मनात आहे. आठ लाख रुपये साठवलेत. बाणेरला एक गाळा बघून ठेवलाय, मालक महिनाअखेर टोकन मागतोय. चीज विकायला शिकायचं कुठे? सुरुवातीला किती प्रकार ठेवू? भाव कसा लावायचा? आणि घरचे विचारतात की शाकाहारी माणसं हे घेतील का, त्यांना काय सांगू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रात गाळा आहे, भांडवल आहे, प्रकारांचा विचार आहे. चीज कापल्यानंतर त्याचं काय होतं, हे मात्र कुठेच नाही, आणि या धंद्यातला पैसा तिथेच गळतो. अख्खं व्हील, म्हणजे चीजचा न कापलेला गोल गोळा, बराच काळ टिकतं, कारण रिंड, म्हणजे वरची साल, त्याला सांभाळते. तार फिरली की आतला भाग उघडा पडतो. तो सुकायला लागतो, हवा आणि उजेड लागून चव उतरते, बुरशीला बसायला जागा मिळते. तो तुकडा गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाईपर्यंत नीट ठेवणं हे तुमचं मुख्य काम असणार आहे. म्हणून शिकायची सुरुवातही तिथूनच करा.

परदेशात या कामासाठी रीतसर परीक्षा आहेत. ब्रिटनच्या अकॅडमी ऑफ चीजचा पहिला टप्पा ऑनलाइन करता येतो, आणि चव शब्दांत मांडायची शिस्त त्यातून चांगली लागते. अमेरिकन चीज सोसायटीची सर्टिफाइड चीज प्रोफेशनल ही परीक्षा आहे, पण तिला बसायला साधारण ४,००० तासांच्या कामाचा अनुभव मागतात. त्यातला काही भाग शिक्षणातून भरून काढता येतो. एवढे तास का मागतात, ते काउंटरमागे उभं राहिल्यावर कळतं. तुम्ही आधी तीन-चार महिने एखाद्या उत्पादकाकडे किंवा चांगला चीज काउंटर असलेल्या दुकानात काम मागा, पगार कमी मिळाला तरी चालेल. आपल्याकडे शिकण्यासारखी ठिकाणं आहेत: पुण्यात एबीसी फार्म्स, मुंबईत एलेफ्थेरिया, ऑरोविलमध्ये ला फर्म. तिथे गेलात तर नुसतं चाखून परतू नका. माल आल्यावर कुठे ठेवतात, कशात गुंडाळतात, उरलेल्या कडांचं काय करतात, ते बघा आणि विचारा.

घरी करण्यासारखे तीन अभ्यास आहेत. पहिला, एकदा स्वतः रेनेटचं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमचं, चीज लावून बघा. गाईचं पाश्चराइझ केलेलं, शक्यतो होमोजिनाइझ न केलेलं (म्हणजे साय वर येणारं) पाच लिटर दूध घ्या. टेट्रापॅकमधलं यूएचटी दूध नीट जमत नाही. ते ३२ अंशांपर्यंत कोमट करा, त्यात कल्चर, म्हणजे चीजचं विरजण, घाला, मग बाटलीवरच्या प्रमाणात रेनेट गार पाण्यात कालवून घाला आणि पाऊण तास भांडं अजिबात हलवू नका. सुरी घालून वर उचलली की दही सरळ फाटलं पाहिजे आणि फटीत स्वच्छ निवळी दिसली पाहिजे. फाट गुळगुळीत न येता भुगा झाला, तर दूध फार तापवलेलं होतं किंवा रेनेट कमी पडलं. सेंटिमीटरभराचे तुकडे करून, हळूहळू ढवळून, निथळून दाबलंत की पाच लिटर दुधाचं जेमतेम अर्धा किलो चीज हाती येतं. दहा लिटर गाईच्या दुधाचं साधारण एक किलो कडक चीज, हे गणित एकदा हातानं केलं की ‘एवढं महाग का?’ या प्रश्नाचं उत्तर काउंटरवर अडखळत द्यावं लागत नाही.

दुसरा अभ्यास चवीचा. एकाच बॅचचे कॅमेंबेअरचे दोन गोळे घ्या. एक आल्याबरोबर कापा, दुसरा मुदत संपायच्या आठवडाभर आधी. पहिल्यात मधोमध पांढरा, खडूसारखा भुगभुगीत गाभा असेल आणि फक्त सालीलगत पिवळसर मऊ पट्टा. दुसऱ्यात तो पट्टा आतपर्यंत सरकलेला दिसेल. वरची पांढरी बुरशी बाहेरून आत काम करते, प्रथिनं तोडते, आंबटपणा कमी करते, म्हणून हे चीज सालीकडून गाभ्याकडे पिकतं. हे डोळ्यांनी बघितलं की गिऱ्हाईक ‘आजच खायचंय’ म्हणालं तर कुठला गोळा द्यायचा आणि ‘पुढच्या शनिवारी पार्टी आहे’ म्हणालं तर कुठला, ते तुम्हाला बोटानं दाबूनही समजायला लागेल.

तिसरा हाताचा. अमूलचा एक किलोचा ब्लॉक आणा, नजरेनं २०० ग्रॅमचा तुकडा कापा आणि मग वजन करा. मग १५०, मग १००. वीस ग्रॅमच्या आत येईपर्यंत करत राहा. काउंटरवर २०० ग्रॅम मागितलेल्याला २१५ ग्रॅम दिले आणि ‘पंधरा ग्रॅम जास्त आहे, राहू द्यावं का?’ असं विचारलं तर बहुतेक लोक हो म्हणतात. २६० ग्रॅम कापून विचारलंत तर गिऱ्हाईक नाराज होतं, आणि परत कापलेली ती साठ ग्रॅमची चकती कुणीच विकत घेत नाही.

आता कापण्याविषयी. मऊ चीजला भोकं असलेली किंवा अगदी पातळ पात्याची सुरी, गौडा-चेडरसारख्या घट्ट चीजला स्टीलची तार किंवा दोन मुठींची सुरी, आणि परमेसान पद्धतीच्या कडक चीजला बदामाच्या बीच्या आकाराची छोटी सुरी लागते. ते चीज कापायचं नसतं, सुरी खुपसून त्याच्या दाण्यानं फोडायचं असतं. गोल चीज नेहमी मध्यापासून सालीकडे, प्रत्येक तुकड्याला टोक आणि साल दोन्ही येतील असं कापा. कुणी टोकच कापून मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा, कारण उरलेल्या तुकड्याला फक्त सालीकडचा भाग राहतो आणि तो पडून राहतो. काम करताना क्रम पाळा: आधी ताजं, मग पांढऱ्या बुरशीचं, मग कडक, मग मिठाच्या पाण्यानं धुतलेल्या सालीचं, आणि ब्लू सगळ्यात शेवटी. ब्लूची सुरी, फळी आणि फडकं पूर्ण वेगळं हवं. त्या निळ्या बुरशीचे बीजाणू एकाच फडक्यावरून आठवड्याभरात तुमच्या ब्रीवर, म्हणजे पांढऱ्या बुरशीच्या मऊ चीजवर, निळे ठिपके उमटवतात.

रोज सकाळी दुकान उघडल्यावर प्रत्येक कापलेल्या बाजूवरून सुरी घासून मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा थर काढून टाका. हे काम कंटाळवाणं आहे आणि वजन घटवतं, म्हणून बरेच लोक टाळतात. ते टाळलं तर गिऱ्हाइकाला पहिला घास प्लास्टिकच्या आणि शिळ्या तुपाच्या वासाचा लागतो आणि तो उत्पादकाला दोष देतो. काढलेला भाग चांगला असेल तर सँडविचच्या मिश्रणासाठी वेगळ्या डब्यात ठेवा. बेकरीवाले, कॅफेवाले घेतात.

फ्रिजबाबत एक ठाम सल्ला: घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर दुकान चालवू नका. त्यातला पंखा हवा कोरडी करतो आणि कापलेल्या गौड्याला दोन दिवसांत भेगा पडतात. ताज्या चीजसाठी २ ते ४ अंश, पिकवलेल्या कडक चीजसाठी ६ ते ८ अंश आणि ८०-९० टक्के दमटपणा हवा. दोन वेगळे कप्पे परवडत नसतील तर एकाच थंड फ्रिजमध्ये कडक चीज झाकणाच्या मोठ्या डब्यांत ठेवा, तळाशी पिळून ओलसर केलेलं स्वच्छ मलमल घाला आणि ते रोज बदला. प्रत्येक कप्प्यात वेगळा थर्मामीटर ठेवा, फ्रिजवरच्या आकड्यावर भरवसा नको. सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा. मे महिन्यात वीज गेली आणि तीन तास आली नाही, तर काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे त्या वहीवरूनच ठरवता येतं. गौडा, चेडर तरतील. बुराटा आणि रिकोटा ही ताजी चीजं बराच वेळ पाच अंशांच्या वर राहिले असतील तर टाका.

गुंडाळण्यासाठी चीजचा दुहेरी कागद उत्तम: बाहेरून मेणाचा, आतून छिद्रांचा थर. तो न मिळाल्यास आधी बटर पेपर, वरून सैल पिशवी. ब्लूला फॉइल. पातळ क्लिंग फिल्मनं घट्ट आवळलेलं ब्री गुदमरतं आणि अमोनियाचा वास सोडतं. असा गोळा आला तर कागद उघडून तासभर फ्रिजमध्ये हवेशीर ठेवा. वास गेला तर विका. तसाच राहिला आणि साल तपकिरी, चिकट झाली असेल तर टाका. कडक चीजवर बाहेरची बुरशी आली तर सभोवती अडीच सेंटिमीटर कापून बाकी वापरता येतं. ताज्या चीजवर बुरशी, गुलाबी छटा किंवा बुळबुळीतपणा दिसला तर डब्यासकट टाका, चाखूनही बघू नका.

गरोदर बाई मऊ, पांढऱ्या बुरशीचं, धुतलेल्या सालीचं किंवा ब्लू चीज मागायला आली तर स्पष्ट सांगा की लिस्टेरियाच्या धोक्यामुळे गरोदरपणात ते टाळलेलं बरं, आणि कडक चीज सुचवा. दूध पाश्चराइझ केलेलं असलं तरी नंतर हात, सुरी, फळी यांतून जंतू शिरू शकतो, आणि हा जंतू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. एक विक्री गेली तरी चालेल.

भावाचं गणित कागदावर एकदा मांडून दाखवतो, कारण नव्या दुकानदाराची सर्वांत मोठी चूक इथे होते. समजा, चार किलोचं गौड्याचं व्हील तुम्हाला १,२०० रुपये किलोनं पडलं, म्हणजे ४,८०० रुपये. साल, सकाळचं घासणं, चाखायला दिलेले तुकडे, न विकलेल्या कडा मिळून १२ टक्के गेले असं धरा. विकायला राहतं ३.५२ किलो. म्हणजे तुमची खरी किंमत किलोला १,२०० नाही, सुमारे १,३६४ रुपये. विक्रीभावातले ३५ टक्के तुमच्याकडे उरायला हवे असतील तर १,३६४ भागिले ०.६५, म्हणजे साधारण २,१०० रुपये किलो. आता लोक काय करतात, तर १,२०० वर ३५ टक्के चढवून १,६२० लावतात. त्या भावानं ३.५२ किलोचे ५,७०२ रुपये येतात, हातात ९०२ उरतात, म्हणजे विक्रीच्या १६ टक्केही नाहीत. त्यात भाडं, वीज, पगार बसत नाही, आणि दुकान चाललेलं दिसत असताना पैसा कुठे जातो तेच कळत नाही. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमची घट तुम्ही मोजा. प्रत्येक व्हीलमागे एक चिठ्ठी ठेवा: आलेलं वजन, विकलेलं वजन, चाखायला गेलेलं, टाकलेलं. चाखण्यासाठी तीन ते पाच ग्रॅमची पातळ चकती पुरे. जीएसटी या भावावर वेगळा येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला आहे.

प्रकार किती? सहा. जास्त नको. एक गौडा, एक पिकवलेलं चेडर पद्धतीचं, एक पांढऱ्या बुरशीचं, एक मिठाच्या पाण्यातलं फेटा पद्धतीचं, एक बकरीच्या दुधाचं ताजं, आणि एक कालिंपोंग किंवा त्यासारखं आपल्या देशातलं वैशिष्ट्यपूर्ण चीज. ब्लू तीन महिन्यांनी आणा, तोपर्यंत हात स्वच्छ चालायला लागतील. बुराटा काउंटरवर ठेवू नका. त्याचं आयुष्य जेमतेम आठवड्याचं असतं. त्याची ऑर्डर बुधवारपर्यंत घ्या, शनिवारी द्या, आगाऊ पैसे घ्या. एकूण साठा दहा-बारा दिवसांच्या विक्रीपुरताच ठेवा. माल आला की लगेच खोका उघडून आतलं तापमान बघा. ताजं चीज आठ अंशांच्या वर आलं तर फोटो काढून परत पाठवा, आणि ही अट उत्पादकाशी आधीच लेखी ठरवा. बॅच नंबर, तारीख, तापमान वहीत.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आणि ठोस आहे. दूध घट्ट करायला पूर्वापार वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, शाकाहारी गिऱ्हाइकाची शंका त्यावरूनच असते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत चीजची व्याख्याच प्राण्यांपासून न मिळवलेल्या रेनेटवर किंवा दुसऱ्या योग्य घटकावर आधारलेली आहे, आणि दूध पाश्चरायझेशनच्या तोडीला तापवलेलं असावं लागतं. पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक उत्पादकाकडून कुठलं रेनेट आणि कुठलं लायपेज (चवीसाठी घालतात ते एन्झाइम) वापरलं ते लेखी घ्या आणि काउंटरमागे लावून ठेवा. एक जाणकारीची गोष्ट: बुरशीपासून काढलेल्या काही मायक्रोबियल रेनेटनं खूप दिवस पिकवलेल्या चीजला कडवटपणा येऊ शकतो, किण्वनातून बनवलेल्या कायमोसिननं (रेनेटमधल्या मुख्य एन्झाइमनं) तो कमी येतो. दोन्ही शाकाहारीच. एखाद्या जुन्या चेडरला कडवट शेवट लागला तर हा प्रश्न उत्पादकाला जरूर विचारा.

आणि पुणेकर चीज घेतील का, तर घासाबरोबर काय खायचं ते सांगितलं तर घेतात. फ्रान्सच्या बॅगेटची वाट बघू नका. ब्लूबरोबर पुरंदरचं अंजीर, बकरीच्या ताज्या चीजवर महाबळेश्वरचा मध आणि स्ट्रॉबेरी, जुन्या चेडरला नाशिकची द्राक्षं, गौड्याबरोबर नाचणीचा खाकरा. काउंटरवर पहिलाच प्रश्न ‘कुठलं चीज हवं?’ असा विचारला तर गिऱ्हाईक बिचकतं. ‘घरी आंबट दही आवडतं की गोड?’ असं विचारा, उत्तर लगेच येतं आणि कुठली चकती पुढे करायची ते तुम्हाला कळतं. मात्र थेट फ्रिजमधून काढून चाखायला देऊ नका, गार चीजला चव नसते. चाखायचे तुकडे थोडे थोडे बाहेर काढा. हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास, मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. चीज घामेजलं, तेल सुटलं, की ते परत थंड करून विकता येत नाही.

कागदपत्रांत एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी की परवाना हे उलाढालीवर ठरतं. अर्ज त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर होतो. आधीच कापून, पॅक करून ठेवणार असाल तर रिटेलरसोबत रीपॅकिंगही त्यात नोंदवा. अशा पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, ग्रॅममागचा भाव, पॅकिंगची आणि वापराची तारीख, घटक, पोषणमूल्यं, हिरवं चिन्ह, परवाना क्रमांक, नाव-पत्ता सगळं लागतं. गिऱ्हाइकासमोर कापून दिलं तर ते पॅक केलेली वस्तू धरली जात नाही, म्हणून सुरुवातीला समोर कापूनच विका. काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का दरवर्षी हवा, आणि कागदाचं वजन वजा करूनच मोजा.

गाळ्याचं टोकन या महिन्यात देऊ नका. आधी तीन महिने शनिवार-रविवारी एखाद्या शेतकरी बाजारात किंवा ओळखीच्या बेकरीच्या कोपऱ्यात, परवान्याची सोय करून, एक चांगला थंड डबा आणि चार प्रकार घेऊन विका. व्हीलच्या चिठ्ठ्यांवरची घट १५ टक्क्यांच्या आत आली आणि तीच माणसं परत यायला लागली, की गाळा बघा. तेव्हा मालकाला विचारायच्या गोष्टी: मंजूर वीजभार किती आहे, बॅकअप जनरेटर दुकानांना मिळतो की फक्त लिफ्टला, दुपारचं ऊन काउंटरवर येतं का, फ्रिजच्या मागची गरम हवा जायला वाट आहे का, आणि सांडपाण्याचं तोंड कुठे आहे. आठ लाखांतले सहा महिन्यांच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाका. फ्रिजच्या आणि मालाच्या खरेदीला त्यातून हात लावायचा नाही.